चिमटाबाईचा उजवा डोळा

केसाएवढी बारीक तार मोहरीहून लहान कडीतून तुम्ही कधी ओवली आहे का? एकदा नाही, दिवसभर? चिमटाबाई ओवायची. जुन्या संगणकांची आठवण अशाच कड्यांत राहायची, एकेका कडीत एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. कड्यांतून तारा ओवून कारखान्यातल्या बायका त्यांची जाळी विणत. संगणक घडवणाऱ्यांवरची पुस्तकं उघडा, मोठमोठी डोकी दिसतील. बोटं कुठेच नाहीत.

हातात कायम चिमटा आणि जिभेलाही चिमटा, म्हणून हे नाव. कारखान्यात शेजारच्या भिंगापाशी तिची नणंद बसायची, नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली.

“वहिनी, तुझी तार कडीला सोडून मागूनच निघाली बघ.”

“जाऊ दे. तुझ्यासारखीच, नांदायचं नाही म्हणते.”

नणंद हसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही चूक नवशिकीही करत नाही. दोन डोळे असले की तार पुढे आहे की कडी, ते आपोआप कळतं. एकाच डोळ्याला ते कळत नाही. नणंदेनं तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला.

“किती बोटं?”

चिमटाबाईला सांगता येईना.

“काचबिंदू,” डॉक्टर म्हणाले. “गेलेली नजर परत येणार नाही. डावा वाचवायचा तर रोज औषध आणि दर महिन्याला तपासणी.”

तपासणीला सुट्टी हवी. सुट्टीला कारण हवं. आणि अधू डोळ्याचं नाव काढलं की खुर्ची गेलीच. नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावत्या या दोघीच. चिमटाबाईनं पैशापायी औषधही टाळलं, सुट्टीपायी तपासणीही. नणंद गुपचूप तिच्या चुकलेल्या तारा काढून पुन्हा ओवू लागली. त्यात तिची स्वतःची जाळी मागे पडत गेली.

एक दिवस सुपरवायझर सगळ्यांदेखत नणंदेला म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस. झोपा काढायला घर आहे ना?”

नणंद मान खाली घालून सामान आवरू लागली.

“तोंड सांभाळून बोला,” चिमटाबाई उठली. “ती माझ्या चुका निस्तरत होती. माझा उजवा डोळा गेलाय.”

“मग तू जा. ती राहील.”

झाला न्याय. जिच्या नजरेवर यंत्रं उभी राहिली, तिला औषधाची बाटलीही कुणी देऊ केली नाही. नणंद तिथेच राबत राहिली, पगारातून औषध आणत राहिली. उशीर झाला होता. वर्षाच्या आत डावाही गेला. नंतर नणंद कामावरून घरी आली की चिमटाबाई तिची बोटं चाचपून बघायची आणि म्हणायची, “चिमटा धरून वाकली नाहीत, अजून सरळ आहेत गं.”

हळहळून पान उलटू नका. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बारीक काम करत डोळे चोळत असेल, एका बाजूचं दिसत नाही म्हणून मान वळवत असेल, तर तिला याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. वेळ नाही म्हणाली तर भांडा, पण न्या.