कापूस कोंबलेल्या तोंडातली शीळ

भुताखेतांच्या गोष्टी मी चहासोबत ऐकतो आणि रिकाम्या कपासोबत तिथंच ठेवून येतो. परतूरला माझं जळालेल्या मोटरी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटर जळाली तर कारण सापडतंच, आज नाही तर उद्या. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय…

आमचं गाव धावडा. आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यापासून मेंढरं राखणारे. वरच्या दातांतून अशी शीळ घालायचे की शिवारभर पांगलेला कळप मुकाट बाभळीखाली गोळा व्हायचा. काही वर्षांपूर्वी एडक्यानं तोंडावर धडक दिली. पुढचे दात गेले आणि शीळही गेली. कवळी लावून पाहिली – नुसती हवा! धाकटा भाऊ सोपान ओरडून घसा कोरडा करायचा, पण मेंढरं त्याला जुमानत नव्हती. रोज कुणाच्या तरी पिकात.

शेवटी आबांना जालन्याला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. पक्के दात बसवायला जबड्याचं हाड लागतं, आणि आबांचं ते पार झिजून गेलेलं. डॉक्टर म्हणाले, हनुवटीचं थोडं हाड काढून वर बसवू. ते जीव धरेल, मग स्क्रू, मग दात. सगळं मिळून वर्ष जाईल.

तेवढं थांबणं सोपानला जमणार नव्हतं. आबाच म्हणाले, "विका मेंढरं. पर मी दवाखान्यात असल तव्हाच गाडी बोलवा. मला बघवायचं न्हाई."

त्या दिवशी मी दवाखान्यात आतल्या दाराशी उभा होतो. आबांचं तोंड बधिर केलेलं, आत कापूस कोंबलेला. डॉक्टर हाड बसवत होते आणि एकदम आबांचा उजवा हात वर गेला… कळप बोलावताना जायचा तसाच. "आजोबा, हात खाली घ्या," नर्स म्हणाली. आवाज म्हणाल तर काहीच नाही.

तेवढ्यात सोपानचा फोन आला.

"भाऊ, आबा तिथंच हायेत ना?"

"खुर्चीवर हायेत. काहून?"

"मेंढरं बराबर गाडीत चढून राह्यली होती, एकदम थांबली. फळीवरून उतरून सगळी बाभळीखाली जाऊन उभी राह्यली. शीळ घातल्यावानी! मला तर बिलकुल काही ऐकू आलं न्हाई."

व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला. विकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सूज उतरल्यावर मी आबांना त्या वर गेलेल्या हाताचं विचारलं.

"शेवटची म्हणून मनातल्या मनात घातली, बाबा. राह्यवलं न्हाई."



हाडानं जीव धरला. गेल्या महिन्यात दात बसले. आबांनी बाभळीखाली उभं राहून शीळ घातली आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, पोरासारखा रडलो.

कारण शोधायचं मी सोडलेलं नाही. मेंढरं गाडीला बुजली असतील, म्हाताऱ्या मेंढ्यांना जुनी सवय आठवली असेल… पण सोपान एक गोष्ट सांगतो, तिच्यापुढं माझं काही चालत नाही. त्या दिवशी सगळ्यांत पुढं त्या वर्षीची कोकरं पळाली होती. त्यांनी आबांची शीळ कधी ऐकलीच नव्हती.