वासूचं पान कोणी बाहेर मांडलं?

वासू गेल्याची बातमी मला ठाण्याला कचेरीच्या ओट्यावर कळली. कशी कळली ते आधी सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते समजेल. कल्याणचे नानासाहेब वकील एका दाव्यासाठी आले होते. त्यांनी पागोटं उतरवून घाम पुसला आणि सहज म्हणाले, "तुमचा तो मोरीवाला गेला हो परवा. तापाचं निमित्त झालं. आता आमच्या मोरीचं कोण बघणार? पाणी पुन्हा वर चढायला लागलंय." माणूस गेला, आणि या गृहस्थांना काळजी कसली, तर मोरीची. त्या मोरीवाल्याला नाव होतं. वासुदेव. मी आणि तो एकाच पंतोजींच्या छड्या खाल्लेले. त्याच्या वडिलांनी याच नानासाहेबांची मुंज लावलेली. पण नाव घ्यायला यांची जीभ वळत नव्हती... संपादक म्हणाले, पुरवणीसाठी मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहा. लिहितो. चांगले शब्द वासूसाठी आहेत. बाकीच्यांना त्यांच्या लायकीप्रमाणे मिळतील.

आमच्या लोकांच्या स्वयंपाकघरातली मोरी ज्याने पाहिली नसेल असा वाचक विरळा, पण ती नीट पाहिलेला पुरुष त्याहून विरळा. चुलीपासून चार हातांवर कोपऱ्यात एक फरशी, भिंतीला भोक, पलीकडे परसातली केळ. तांदळाचं धुवण, भांड्यांची राख, भाजीची देठं, उष्टं-खरकटं, सगळं त्या भोकात. ते तुंबलं की पाणी उलट घरात. दुरुस्त करायचं तर गवंडी हवा, आणि गवंडी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात यायचा कसा? त्याचा पाय पडला की चूल मोडा, पाण्याचे माठ फोडा, लोणच्याच्या बरण्या ओतून द्या. त्यापेक्षा तुंबलेली बरी, असा हिशेब. हा हिशेब कोणी केला, तर ओसरीवर पान चघळत बसणाऱ्यांनी. घोटाभर घाण पाण्यात उभं राहायचं ते बायकांनी. वासूची आई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, त्यांच्या पायांना बोटांच्या बेचक्यांत अशा चिखल्या झाल्या की एका पावसाळ्यात त्यांना उभं राहवेना. कोकमाचं तेल लावून, चिंध्या गुंडाळून, पाटावर बसून त्या पोळ्या लाटत. तक्रार नाही. बाईमाणसाला चिखल्या व्हायच्याच, असं त्यांना कोणीतरी पटवून दिलेलं.

वासूला नाही पटलं. आंबिवलीला थोडं भातशेत, बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, घरात ही एकटी आई. तो उठला आणि कान्हा गवंड्याकडे गेला. म्हणाला, तू आत येऊ शकत नाहीस ना, मग बाहेरून सांग. आणि मग कल्याणात जे कोणी पाहिलं नव्हतं ते सुरू झालं. परसात केळीशी कान्हा पालथा पडलेला, तोंड मोरीच्या भोकाला लावलेलं. आत वासू धोतराचा काचा मारून, हातात थापी घेऊन गुडघ्यांवर. भोकातून आवाज यायचा, "वासूदादा, ढाल कमी परला. पानी मागं येईल. आजून येक बोट खाली घ्या." वासू आतून ओरडायचा, "अरे, खाली पाया लागला!" जुनी फरशी उखडली, भिंतीत कुंभाराचा नवा खापरी नळ बसवला, आणि नळाच्या तोंडाशी दगडाची लहान कुंडी केली. तिच्यावर भोकं पाडलेला दगड. खरकटं वर अडायचं, पाणी खाली जायचं. सकाळी तो दगड उचलायचा, गाळ केळीला घालायचा. एवढंच. त्या पावसाळ्यात माईंचे पाय सुकले.

झालं. बायकांची बातमी विहिरीवरून पसरते. मग हिची मोरी, तिची मोरी. वासू कोणाच्याही घरी गेला की मोरी बघायच्या आधी म्हणायचा, "वहिनी, पाय दाखवा." मी त्याला म्हटलं, अरे, मार खाशील एखाद्या दिवशी. तर म्हणाला, "मोरी खोटं बोलते रे, वरून धुतली की झाली साफ. पाय खोटं बोलत नाहीत." जिभेला हाड नव्हतंच त्याच्या. एका घरी त्याने मालकांनाच मोरीत उभं केलं आणि म्हणाला, आता इथे उभं राहून संध्या करा, म्हणजे कळेल.

याच नानासाहेबांची मोरी त्याने दोन दिवस खपून बसवली. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे मुलाची मुंज, आम्ही दोघेही जेवायला. माजघरात पंगत मांडलेली, रांगोळ्या, उदबत्त्या. आणि वासूचं पान? पडवीत, चपला काढतात तिथे. नानासाहेब हळूच म्हणाले, "तुम्ही मोरीत हात घालता, वासुदेवराव. लोक कुरकुर करतात. माझं काही नाही हो." वासू उभा राहिला. "मोरीत हात घातला तो पडवीत, आणि मोरीत ज्यांचं उष्टं जातं ते माजघरात?" एवढं म्हणून तो निघाला. मीही उठलो. आणखी कोणी उठलं नाही, सगळ्यांचे डोळे भातावर. माईंनी घरी आम्हाला मऊभात वाढला.

मग निरोप आला, प्रायश्चित्त घ्या, पंचगव्य घ्या, पुन्हा असलं काम करणार नाही म्हणा, मग पंगतीला बसवू. वासूने उलट निरोप पाठवला, "मी माझे हात धुतो. तुम्ही तुमची तोंडं धुवा." त्यानंतर तो मरेपर्यंत त्याला गावात कोणाकडे पान मिळालं नाही. पण मोरी तुंबली की मात्र दुपारी, पुरुष आडवे झाले की, मागच्या दाराने निरोप यायचाच. आणि हा जायचा. माझा संताप व्हायचा. म्हटलं, तुंबू दे की त्यांची, तुझं काय अडलंय? तर म्हणाला, "तुंबली तर नानासाहेबांचं काय जातंय? त्यांचा पाय त्या पाण्यात पडतो का कधी?"

बातमी कळल्यावर मी रजा टाकून कल्याणला गेलो आणि दिवस होईपर्यंत राहिलो. तेराव्याच्या आधी नानासाहेब दारात हजर. आत आले नाहीत, अंगणातूनच बोलले. वासुदेवरावांच्या नावाने प्रायश्चित्त करून घ्या, तरच ब्राह्मण जेवायला येतील. मेलेल्या माणसाने प्रायश्चित्त घ्यायचं! माझ्या तोंडून काय काय गेलं ते इथे छापता येणार नाही. पण खरा प्रश्न माझ्या रागाचा नव्हता. माईंचं सोवळं कडक. तेराव्याला ब्राह्मण जेवले नाहीत तर मुलाला गती नाही, तो असाच भटकत राहणार, हे त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी कोण अडवणार होतो?... माई दाराआड उभ्या होत्या. आतूनच म्हणाल्या, "माझ्या मुलाने पाप केलं असं मी माझ्या तोंडाने म्हणू? नाही म्हणणार. त्याचं काय व्हायचं ते देव बघेल. पानं मांडा."

पानं मांडली. ओसरीभर. खीर झाली, लाडू झाले, भाताला वाफा आल्या आणि निवल्या. रस्त्याने लोक जात होते, मान खाली घालून. माई चुलीपाशी बसून होत्या, रडत नव्हत्या, नुसत्या दाराकडे बघत होत्या. मला ते बघवेना. कान्हा परसात केळीखाली बसलेला; त्याला आत ये म्हणायची हिंमत त्या दिवशीही आमच्यात नव्हती, ती लाज निराळी.

तेवढ्यात मागची कडी वाजली. नानासाहेबांची बायको, आमच्या वहिनी, डोक्यावरून पदर. त्यांच्यामागे एक, मग आणखी एक, परसातून बायकांची रांगच. ओसरीकडे कोणी वळल्याच नाहीत. स्वयंपाकघरात, मोरीपासून भिंतीच्या कडेकडेने त्या ओळीने बसल्या. मी पानं आत उचलून आणली आणि वाढायला लागलो. बायकांच्या पंगतीला मी जन्मात कधी वाढलं नव्हतं. माईंनी डोळ्यांना पदर लावला. वहिनींच्या पानाशी आलो तेव्हा न राहवून विचारलं, "वहिनी, घरी कळलं तर?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. भातावर वरण घेत म्हणाल्या, "कळलं असेल एव्हाना. आज आमच्यापैकी कोणाच्याही घरी चूल पेटलेली नाही. पुरुष पाटावर बसून वाट बघताहेत. तुम्ही भात वाढा."