पयला पानी

“पानी पिऊन आलाव का?”

कल्याणच्या आमच्या थिएटरात तिकीट फाडण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारला जाई. विचारणारा आमचा डोअरकीपर. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. “नाही” म्हटलं तर दाराजवळच्या माठातलं पाणी प्यावंच लागे. “हो” म्हटलं तरी तो समोरच्याचे ओठ निरखून बघे आणि “पयला पानी, मग शिनेमा,” म्हणत पेला पुढे करी. याचा परिणाम काय होत असेल, याचा तुम्हीच विचार करा. मध्यंतराच्या कितीतरी आधी निम्मं थिएटर मुतारीकडे धावत असे आणि परत येताना उरलेल्या निम्म्यांचे पाय तुडवत असे. मॅनेजर मी होतो. शिव्या मला पडत.

मी त्याला सांगून सांगून थकलो. “अरे, हे थिएटर आहे, पाणपोई नाही!” तो टाचा जुळवून ताठ उभा राहायचा, “बरा सायेब,” म्हणायचा आणि लगेच पुढच्या माणसाला विचारायचा, “पानी पिऊन आलाव का?”

लढाईहून परतलेली अशी माणसं तेव्हा तुम्हीही पाहिली असतील. खाकी कोट विटून जातो, पण अंगावरून उतरत नाही. हा खडवलीकडच्या एका खेड्यातला. ब्रह्मदेशाच्या जंगलात लढलेला. तिथे एकदा त्याची तुकडी मागे हटली आणि हा शत्रूच्या मुलखात अकरा दिवस अडकून पडला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. जास्त विचारलं की तो माठ विसळायला निघून जाई.

आमच्याकडे रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. इंग्रजी कळणारे प्रेक्षक पहिल्या दोन रांगांत मावतील एवढेच. म्हणून पडद्याच्या डाव्या बाजूला पत्र्याचा भोंगा घेऊन एक माणूस उभा राही आणि काय चाललंय ते मराठीत सांगे. चित्रपटाबरोबर गोष्टीचं इंग्रजी पत्रक येई. त्यावरून मी रात्र रात्र बसून मराठी मजकूर लिहीत असे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. भोंग्यावर बोलणारा आमचा कारकून रेल्वेत चिकटला, आणि नेमका त्याच वेळी एक लढाईचा चित्रपट आला. शत्रूच्या हद्दीत एकटा सापडलेला एक सैनिक जीव वाचवून कसा परत येतो, त्याची गोष्ट. माझ्या मनात आलं, आपला डोअरकीपर आहे की. आवाज खणखणीत, चौथी शिकलेला, शिवाय लढाईचा अनुभव. इतकी उत्तम कल्पना मला सुचली कशी, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. त्याच कल्पनेने पुढे माझं डोकं खाल्लं.

पहिल्याच रविवारी त्याने माझा कागद घडी करून खिशात घातला. नायकाने जंगलात शेकोटी पेटवली, तसा हा भोंग्यातून ओरडला, “इझव, इझव! धूर दिसतोय ना! मेला आता!” नायक मेला नाही, म्हणून तो चिडला. जंगलातल्या पाचव्या दिवशीही नायकाची दाढी गुळगुळीत होती. “याची हजामत करायला न्हावी कोन गेला व्हता?” प्रेक्षक खो खो हसले. नायकाला रुग्णालयातली परिचारिका आठवते तो प्रसंग मी मोठ्या नाजूक शब्दांत लिहिला होता. त्याने तो चार शब्दांत उडवला. “बाई हाय. फालतू. पुढं.” आणि नायकाने रिकामी बाटली फेकून दिली तेव्हा तर त्याने थेट पडद्यावरच भोंगा आपटला. “गाढवा, बाटली टाकलीस? पयला पानी बघ!” मागून पन्नास जणांनी ओरडून दुजोरा दिला. मालक बाल्कनीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. खरा घोटाळा पुढेच होता. चित्रपटात नायकाबरोबर एक जखमी सोबती असतो. नायक त्याला एका झोपडीत सोडतो, एकटा निसटतो, छावणीत पोचतो, त्याला पदक मिळतं, आणि चित्रपट संपतो. सोबत्याचं नाव पुन्हा निघत नाही. माझ्या कागदात स्वच्छ वाक्य होतं, ‘नायक मित्राला सोडून पुढे जातो.’ आमचा पठ्ठ्या काय सांगे? “आता जातोय, पन परत येनार हाय. दोस्ताला घेऊन जानार हाय. बसा तुमी.”

आणि लोक बसत! दिवे लागले, पडदा पांढरा झाला, तरी स्टॉलमधून माणूस हलेना. “दोस्ताला आनल्याबिगर नाय जानार!” मी पुढे होऊन समजावलं, तर एक जण मलाच म्हणाला, “मॅनेजर, शेवटचं रीळ कापलंस ना तू?” तिसऱ्या रविवारपर्यंत टिटवाळा, खडवलीच्या खेड्यांतून बातमी पसरली होती की कल्याणला एक शिनेमा लागलाय, त्यात मागे राहिलेला शिपाई परत घरी येतो, पण मॅनेजर तेवढंच दाखवत नाही.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला ऑफिसात बोलावून दम भरला. “येत्या रविवारी कागदात आहे ते, जसंच्या तसं वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर नोकरी गेली समज.”

“बरा सायेब,” तो म्हणाला.

त्या रविवारी दार उघडायला दहा मिनिटं असताना तो पुन्हा ऑफिसात आला. टाचा जुळवायचं विसरला होता. “सायेब, आज मला नका लावू. दुसरा कोनी बघा.”

“का?”

“जानूचा बाप आलाय.”

जानू त्याच्याच गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, त्या जंगलात दोघं बरोबरच अडकलेले. सरकारकडून जानूच्या घरी ‘बेपत्ता’ असा कागद आला होता. आणि परत आलेल्या याला जानूच्या बापाने जेव्हा विचारलं, तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, “धरून नेलाय त्याला. येईल.” तेवढ्यावर ते घर आठ-नऊ वर्षं दाराकडे बघत होतं. सुनेच्या कपाळाला कुंकू होतं. पिंड नाही, पाणी नाही. आता हा शिनेमा बघायला म्हातारा पहिल्यांदाच खडवलीबाहेर पडून आला होता.

“मग खरं काय?” मी विचारलं.

तो सांगणार, तेवढ्यात पहिली घंटा झाली. बाहेर गर्दी ओरडत होती, मालक यायचे होते, आणि मी, मला सांगायला लाज वाटते, त्याच्या हातात कागद कोंबून म्हणालो, “ते तुझं तू बघ. कागदात आहे ते वाच.”

त्याने वाचलं. शेकोटीला ओरडला नाही, दाढीला हसला नाही. परिचारिकेचा माझा सगळा नाजूक मजकूर त्याने हजेरी घ्यावी तसा वाचून काढला. लोक कंटाळले. पहिल्या बाकावर पांढरं मुंडासं घातलेला म्हातारा पडद्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होता.

झोपडी आली. त्याने कागद वर धरला, मग खाली घेतला. भोंगाही खाली ठेवला.

“याच्या पोटात गोळी लागलीय,” तो म्हणाला. “पानी मागतोय. दोस्त बोलला, पडून ऱ्हा, आनतो. वढा जवळच व्हता. पन वढ्यावर वैरी बसलेला. दोस्त बांबूत दडला. एक दिस गेला. दुसरा दिस गेला. तिसऱ्या सकाळी तो टोपी भरून पानी घेऊन आला.”

पडद्यावर नायक केव्हाच नदीपार झाला होता. मी संतापून पुढे निघालो, तर कुणीतरी माझा सदरा मागे ओढला. “थांबा हो. ऐकू द्या.”

“जानू तिथंच व्हता,” तो म्हणाला. “त्याला कोनी धरून नेला नाय. मी खोटं बोललो. तो येनार नाय, बाबा.”

मग पदकाचा प्रसंग झाला, बँड वाजला, दिवे लागले. त्या दिवशी शेवटचं रीळ कुणी मागितलं नाही. लोक उठून बाहेर पडले.

म्हातारा सगळ्यांच्या शेवटी आला. दाराशी हा माठाजवळ उभा होता. म्हाताऱ्याने त्याला एकच विचारलं.

“तोंडात पानी पडलं त्याच्या?”

“घातलं, बाबा. पन उशिरा.”

“तू घातलंस ना?”

“घातलं.”

म्हाताऱ्याने भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, “उद्या नदीवर चल. आता त्याला पानी द्यायला पायजे. मला एकट्याला नाय जमनार.”

डोअरकीपरने माझ्याकडे वळून सुट्टी मागितली. किती दिवस, असं मी विचारलं. माझा आवाज त्याही वेळी चढलेलाच असणार, सवयच ती. “ते बाबाला इचारायला लागंल,” तो म्हणाला. त्याने खाकी कोट काढून घडी करून स्टुलावर ठेवला आणि म्हाताऱ्याचा हात धरून निघाला. पुन्हा तो थिएटरात आला नाही. जानूच्या घरीच राहतो, त्यांची शेती बघतो, असं पुढे कानावर आलं.

पुढच्या रविवारी दुसरा कुणी मिळेना, म्हणून भोंगा घेऊन मीच उभा राहिलो. माझाच मजकूर, माझाच आवाज. इतके दिवस मला हेच हवं होतं. झोपडी आली आणि मी वाचलं, “नायक मित्राला सोडून पुढे जातो.”

“चूक!” स्टॉलमधून कुणीतरी ओरडलं. “तो पान्याला गेलाय!”

मी कागदाकडे पाहिलं. मग भोंगा तोंडाला लावला.

“हो,” मी म्हणालो. “पाण्याला गेलाय.”