नवापूरच्या वाटेवर गाडीने हात टेकले

बोईसरहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, नवी गाडी घेतलीत, आता तरी या!" झालं. रविवारी सकाळी सहाला ठाण्याहून निघालो. चालवायला मी, शेजारी आमचे हे, मागे सासूबाई.

अहमदाबाद हायवेला लागताच मी गाडीची आपोआप चालण्याची सोय सुरू केली. पुढच्या वाहनापासून अंतर राखणं, पांढऱ्या पट्ट्यांमध्ये राहणं, सगळं तीच बघते. हात मात्र स्टिअरिंगवरच हवेत, असं माहितीपुस्तकात बजावलंय. पहिली दहा मिनिटं मी ठेवलेही. मग एका बोटावर भागू लागलं आणि दुसऱ्या हातात चिवड्याचा डबा आला.

मनोरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. जुने पट्टे खरवडलेले, नवे आखलेलेच नव्हते. गाडीने दोनदा टुंग केलं आणि सरळ अंग काढून घेतलं. आणि मी? पडद्यावरची सूचना वाचत बसले!

"अगं, भिंत!" सासूबाई ओरडल्या.

उजवीकडचा सिमेंटचा कठडा हातभरावर आला होता. मी स्टिअरिंग हिसकलं, गाडी डाव्या लेनमध्ये घुसली, मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. चिवडा छतापर्यंत उडाला.

पुढे कडेला थांबलो, तर ट्रकवालाही थांबला. "मॅडम, नींद लग गई थी क्या?"

"नाही हो, जागी होते," मी म्हटलं. जागी होते, पण गाडी चालवत नव्हते, हे कबूल करायला जीभ रेटेना.

मनोरहून डावीकडे पालघरचा रस्ता. मासवणला ताडगोळे घ्याच, कोवळे मागून. विकणाऱ्या मावशींना ह्यांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली.

"गाडी आपली आपण चालते, मंग तुमी काय करत व्हते?"

"चिवडा खात होतो," हे म्हणाले.

मावशी एवढ्या हसल्या की दोन ताडगोळे वर टाकले. "हलू जा. घाई नाय."

बोईसरजवळ कुंभवलीत कारखान्यांची पाळी सुटली होती. सायकली, रिक्षा, मधेच बकऱ्या. सोय बंद ठेवून चालवली, आणि खरं सांगते, मजा आली. नणंदेकडे तळलेले ओले बोंबील, संध्याकाळी नवापूरचा किनारा. ओहोटी बघून जा, लांबवर चालता येतं.

परतताना हे चालवत होते. हायवेवर सोय सुरू केली, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. गप्पा फक्त आम्हा सासूसुनांच्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमची गाडी म्हणे स्वतःच चालते?"

"चालते की," सासूबाई म्हणाल्या. "पण भांबावली की सुनेला हाक मारते. तेव्हा सुनेचं लक्ष चिवड्यात नको!"