झोप शिकवणारे वाघमारे सर

उमरग्याच्या कॉलेजात मानसशास्त्राचे वाघमारे सर हजेरीआधी विचारायचे, "काल रात्री कोण काय बघून आलं?" मग स्वप्नं सुरू. वाईट स्वप्न सांगू नये म्हणतात, पण सर म्हणायचे, "सांगून टाका. पोटात ठिवलं की सडतं." एकदा मी विमानात बसल्याचं ठोकून दिलं. "खोटं! खऱ्या स्वप्नाला इतकी शिस्त नसती, पोरी." अख्खा वर्ग खिदळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संमोहनाच्या तासाला कुणीतरी हौसेनं लिंबू आणलं. सर त्याचं सरबत करून प्यायले. "ही जादू न्हाय. माणूस एका गोष्टीत गुंगला, की बाकीचं आपोआप सुटतं. झालं!"

माझे वडील, अण्णा, ट्रक चालवायचे. घाटात ब्रेक गेले, थोडक्यात वाचले, पण तेव्हापासून झोपच उडाली. मालकानं बजावलं, झोप लागेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बरोबरच होतं त्याचं, पण घरात सुतक असल्यासारखं वाटे. मी सरांपुढे रडले, तर रविवारी दुपारी सर घरी हजर.

अण्णा बाजेवर ताठ बसलेले. "मास्तर, डोळ्यात बघून झोपवणार व्हय मला?"

"झोपायचं न्हाय! लावा पैज. पडल्या पडल्या सोलापूरचा रस्ता सांगा. एक वळण सुटता कामा नये."

अण्णांना चेव आला. येणेगूर, जळकोट, एकेक ढाबा, एकेक गतिरोधक. सर खुर्चीतून "हं, मग?" म्हणत होते. नळदुर्गापाशी आवाज जड झाला, मग थांबलाच. मी डोकावले, तर काय! अण्णा घोरतायत, आणि तोंड उघडं टाकून सरही! आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

अण्णा आधी उठले. त्यांनी हळूच सरांवर आपली चादर घातली आणि आम्हाला गप्प केलं. ऊन उतरल्यावर सर दचकून जागे झाले, पार ओशाळले.

"माफ करा हो. बायको गेल्यापासून डोळाच लागत न्हवता."

माझं हसू जिरलं. वर्षभर आम्ही त्यांना स्वप्नं ऐकवली. सर, तुम्ही झोपता का, हे एकानंही विचारलं नव्हतं. लाज वाटली फार.

अण्णा म्हणाले, "मग पुढल्या रविवारी या की. हैदराबादची बाजू राहिलीच."

महिन्याभरात अण्णा परत गाडी चालवायला लागले. सर मात्र रविवारी येतच राहिले, अगदी देवाघरी जाईपर्यंत. आईनं त्यांच्यासाठी दुसरी बाज विणून घेतली होती.