उपाशी गाडी

माझ्या जुन्या दोन दारांच्या गाडीला मी इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवला आणि तिची भूक वाढली. कळंबच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की इंजिन गचके द्यायचं, कारण जुन्या पंपाला तेवढं पेट्रोल पुढं ढकलता येत नव्हतं. म्हणून पंप, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि टाकीपासून इंजिनपर्यंतची लाईन, सगळंच मोठं करायचं मी ठरवलं.

अवसरीत आमच्या अंगणात मागची सीट काढून मी टाकीतला पंप बाहेर घेत होते, तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून माझे चुलते आले. त्यांनी शर्यतीचा बैल पाळलाय.

“चालती गाडी कशाला खोलतीस? बाजाराला जाती ना नीट?” ते म्हणाले. “पोरीच्या जातीला शोभतंय का हे?”

त्यांच्या हातात बैलाच्या खुराकाची बादली होती. दुधात अंडी फेटलेली. माझं डोकंच फिरलं.

“तात्या, तुमच्या बैलाला कधी औताला जुंपलंय?”

“त्यो शर्यतीत पळायचा बैल हाय.”

“मग पुढच्या यात्रेत उपाशीच पळवा त्याला. चालतोय ना नीट?”

तात्या बादली घेऊन गोठ्यात परत गेले.

नवा पंप, इंजेक्टर, लाईन सगळं बसलं त्या संध्याकाळी कळंबच्या रस्त्यावर गाडी कुठंच अडखळली नाही. येताना गोठ्यासमोर मी मुद्दाम पाय दाबला. बैलानं मान वर करून बघितलं. तात्यांनी नाही.