वास्तुशांतीसाठी घेतलेली गोळी

मी माधव केळशीकर, वाणिज्य पदवीधर, खासगी कंपनीत लेखाधिकारी. आज घरी जे घडले, ते पत्नी सुनंदाच्या संमतीने आपणांस सावध करण्यासाठी लिहीत आहे.

मांजरीतील आमच्या नव्या सदनिकेची आज वास्तुशांत होती. गुरुजी मांडणी करत असताना सुनंदा गोळी घेताना दिसली. मी चौकशी केली.

"अहो, पाळी पुढे ढकलायची आहे. पूजेला बसायचंय ना."

"तुझी पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली. पुढे काय ढकलतेस?"

"दोन महिन्यांपासून परत येतेय, कालही थोडं दिसलं," ती म्हणाली. गोळ्या आणून देणाऱ्या माझ्या वहिनी हसल्या. "भावोजी, बायको परत तरुण झाली म्हणा की."

मी डॉक्टरांना दूरध्वनी केला. सर्व ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "पूजेला दुसरं कोणी बसू दे. त्यांना आत्ताच आणा."

धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी पूजेला बसले. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले.

"पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर दिसलेलं रक्त ही पाळी नसते," डॉक्टर म्हणाल्या. "गोळीने रक्त थांबलं असतं. त्याचं कारण आतच राहिलं असतं."

कर्करोग तर नाही ना, हे पाहण्यासाठी उद्या अस्तराचा तुकडा काढणार आहेत.

आपापल्या घरी आजच विचारा: बंद झालेली पाळी कोणाला पुन्हा आली आहे का?

सायंकाळी परतलो, तेव्हा सुनंदा नव्या घराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. तिने वहिनींना विचारले, "मी आत येऊ ना?"

वहिनी हसल्या नाहीत.

माधव केळशीकर
मांजरी, पुणे
आज, शुक्रवार, सायंकाळ